यादी चावडीवर लागण्याआधी

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. या नऊ तालुक्यांत जिथं कुठं कुणी संगणकावर लोकांच्या नावांच्या, क्षेत्राच्या, पैशांच्या याद्या करतं, त्या प्रत्येकाला हे आवाहन आहे. सज्जावर तलाठ्याच्या मदतीला बसणारा पोरगा, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, सोसायटीचे गटसचिव, शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब सांभाळणारी मुलगी, शिष्यवृत्तीची यादी करत बसलेले गुरुजी. तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर आता चॅटजीपीटी, जेमिनी किंवा तसलं काहीतरी असतं आणि एक्सेलचा फॉर्म्युला अडला की तुम्ही त्याला विचारता. विचारा, जरूर विचारा. पण त्यानं दिलेला फॉर्म्युला ताळा केल्याशिवाय खऱ्या यादीवर चालवू नका. आणि ही सवय मृग लागायच्या आत अंगी बाणवा.

घाई एवढ्यासाठी, की पुढं सवड मिळणार नाही. पावसाळा सुरू झाला की पीकविम्याचे अर्ज, मागोमाग ई-पीक पाहणी, आणि आभाळ फाटलं की पंचनामे. २०२४ च्या सप्टेंबरात, महिना उजाडतो न उजाडतो तोच, पाथरीत चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अतिवृष्टी म्हणायला पासष्ट पुरतात. २०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठ पुन्हा पाण्यात गेला. अशा दिवसांत वरून एकच निरोप येतो: यादी संध्याकाळपर्यंत पाठवा. समोर शेकडो ओळींची शीट, लाइट कधी जाईल याचा नेम नाही, बाहेर लोक ताटकळत उभे. त्या घटकेला मोबाइलवर आलेला फॉर्म्युला माणूस जसाच्या तसा चिकटवतो. मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच जी शिकायची ती रीत एप्रिल-मेच्या उन्हात शिकून घ्यायची.

शेजारच्या जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडच्या अनुदानाच्या याद्यांचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. ते आरोप बनवाबनवीचे होते आणि त्यांचा निवाडा करणारे वेगळे आहेत. माझा विषय तो नाही. नियत साफ असताना, कुणाचाही हात ओला झालेला नसताना, नुसत्या एका कॉलममुळं माणूस यादीतून गळतो, त्याबद्दल हे लिहितो आहे.

आधी या एआयच्या अवजाराच्या बाजूनं बोलतो. एक्सेलच्या फॉर्म्युल्यांनी मराठी माध्यमात शिकलेल्या पोरांना वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं. मदतीची पानं इंग्रजीत, चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत, आणि शिकायचं तर तालुक्याला जाऊन क्लासची फी भरायची. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि हा उंबरा एकदम खाली आला. आज सोनपेठच्या एखाद्या खेड्यातली मुलगी सरळ मराठीत लिहिते, ‘ज्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, त्या मंडळातल्या खातेदारांची नावं वेगळी काढायचा फॉर्म्युला दे,’ आणि तिला तो मिळतो, वर कसा चालतो हेही समजावून मिळतं. राज्य मंत्रिमंडळानं २०२५ च्या जूनमध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, म्हणजे सरकारही याच वाटेनं निघालं आहे. हे अवजार बाजूला ठेवा असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. जे वापरत नाहीत त्यांनीही शिकावं असंच मला वाटतं.

आता दुखण्याची जागा. कंस राहिला, स्वल्पविराम चुकला, असल्या चुका आजची एआय मॉडेलं फारशी करत नाहीत, आणि झाल्या तरी शीट लगेच बोंब ठोकते. घरात चूक दाखवणारी खूण दिसते, उत्तर येतच नाही, माणूस सावध होतो. मला भीती वाटते ती बिनबोभाट चालणाऱ्या फॉर्म्युल्याची. उत्तर येतं, आकडा गोल दिसतो, यादी देखणी दिसते, आणि नियम मात्र दुसराच लागलेला असतो. मॉडेलला एक्सेल येतं. आपला शासन निर्णय, आपला सातबारा आणि आपल्या गावातली भावकी त्याला येत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळतं. जे सांगत नाही ते मॉडेल आपल्या मनानं भरून घेतं, आणि भरल्याचं दर वेळी सांगतंच असं नाही.

पीकविम्याचं उदाहरण घेऊ, कारण परभणीत सोयाबीनइतकं जिव्हाळ्याचं दुसरं काही नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेत नुकसान ठरतं ते उंबरठा उत्पादनावरून. मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के. सगळी गोम ‘सातातली पाच’ या शब्दांत आहे. दुष्काळाची आणि पुराची वर्षं बाजूला पडावीत म्हणून तो नियम आहे.

समजा एका मंडळाचं सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन किलोत असं आहे (आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत): १४००, १२५०, ६००, १५००, ९००, ११००, १३००. कुणी मॉडेलला घाईत लिहिलं, ‘सात वर्षांच्या सरासरीच्या ७० टक्के काढायचा फॉर्म्युला दे.’ ते देतं. सरासरी ११५०, उंबरठा ८०५. यंदाचं उत्पादन ८५० निघालं तर उंबरठ्याच्या वरच आहे, भरपाई शून्य. आता नियम पुरता सांगून पाहा. ६०० आणि ९०० ची वर्षं गळतात, उरलेल्या पाचांची सरासरी १३१०, उंबरठा ९१७. यंदाचं उत्पादन तेच ८५०. म्हणजे उंबरठ्यापेक्षा ६७ किलो कमी, साधारण सव्वासात टक्के तूट. हेक्टरी विमा संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर हेक्टरी साडेतीन हजारांच्या वर भरपाई निघते. दोन्ही फॉर्म्युले बिनचूक चालतात. दोन्हींत चूक दाखवणारी एकही खूण नाही.

कुणी म्हणेल, विम्याचा अधिकृत हिशेब कंपनी आणि कृषी खातं करतं, गावातल्या पोराच्या शीटचा काय संबंध? संबंध असा, की हल्ली गावंसुद्धा हिशेब तपासू लागली आहेत, आणि ते फार चांगलं आहे. पण तपासणाऱ्याच्याच फॉर्म्युल्यात सातची सरासरी बसली, तर तो गावाला सांगेल, ‘आपलं काही निघत नाही, तक्रार करून उपयोग नाही.’ मुदत निघून जाईल. आपल्याच माणसानं, आपल्याच भल्यासाठी केलेल्या तपासणीनं आपलाच हक्क बुडवला, याच्यासारखी चरफड दुसरी नाही.

दुसरा फॉर्म्युला तर याहून सोज्वळ दिसतो. दोन याद्या जुळवायच्या असतात. एकीत खातेदार आणि बाधित क्षेत्र, दुसरीत बँक खाती. मॉडेल व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप देतं, आणि शीट स्वच्छ दिसावी म्हणून पुष्कळदा त्याभोवती इफ-एररचं कुंपण घालतं: नाव सापडलं नाही तर शून्य दाखव. दिसायला किती छान! पण इथं शून्याचा अर्थ ‘याला काही देणं नाही’ असा नसून ‘याचं नाव मला जुळवता आलं नाही’ असा असतो. एका यादीत पूर्णा, दुसरीत पुर्णा. एकीकडं जिंतूर, दुसरीकडं जिंतुर. कुठं नावापुढं एक मोकळी जागा जास्त पडलेली. कुठं अर्धी यादी जुन्या फाँटमधून आणलेली, जी डोळ्यांना मराठी दिसते पण संगणकाला नाही. या सगळ्यांच्या पुढं शून्य लागतं आणि बेरीज सुखानं होते. दोनशे खातेदारांत सतरा शून्य आली तर रात्री नऊ वाजता कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून पहिली विनंती अगदी बारीक आहे. जुळवणीचा फॉर्म्युला मागताना मॉडेलला स्पष्ट लिहा: ‘सापडलं नाही तर शून्य देऊ नको, सापडलं नाही असं शब्दांत लिही, आणि असे किती आहेत ते वर मोजून दाखव.’ नाव हा जुळवणीचा आधार धरूच नका. एका गावात एकाच नावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोन खातेदार असणं आपल्याकडं नवं नाही. कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला आहे. तो दोन्ही याद्यांत असेल तर त्यावरच जुळवा, नसेल तर गाव, गट क्रमांक आणि खाते क्रमांक तिन्ही मिळून.

डेटाबेसवर क्वेरी चालवणाऱ्या, एसक्यूएल शिकलेल्या मुलामुलींनाही हेच लागू आहे, फक्त त्यांच्याकडं चूक आणखी मुकी असते. मॉडेलला ‘दोन तक्ते जोड’ म्हटलं की बरेचदा इनर जॉइन येतो. जो खातेदार दुसऱ्या तक्त्यात नाही तो निकालातून नुसता गायब होतो, शून्यसुद्धा मागं उरत नाही. लेफ्ट जॉइन मागा, आणि क्वेरीच्या आधी किती ओळी होत्या, नंतर किती राहिल्या, हे कागदावर लिहून ठेवा.

उलटाही प्रकार होतो. समाईक खात्यात चार भाऊ, क्षेत्र एकच १ हेक्टर ६० आर. खाते क्रमांकावर जोडणी झाली की चौघांच्याही पुढं प्रत्येकी १ हेक्टर ६० आर लागतं. गावाचं बाधित क्षेत्र गावाच्या शिवारापेक्षा मोठं होऊन बसतं. भावकीत कुणाच्या खात्यावर पैसे घ्यायचे याची संमती हा माणसांचा मामला, तो मॉडेल कसं सोडवणार?

मर्यादेचा घोळ याच जातीचा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक हवं, जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टर. ही मर्यादा माणशी आहे, गटागणिक नाही. एकाच खातेदाराचे तीन जिरायती गट, ९० आर, ८० आर, ७० आर. मॉडेलला ‘दोन हेक्टरच्या वर जाऊ देऊ नको’ एवढंच सांगितलं तर ते प्रत्येक ओळ तपासतं. कुठलीच ओळ दोनच्या वर नाही, म्हणून सगळं मंजूर, एकूण २ हेक्टर ४० आर. यादीत २०,४०० रुपये लागतात, नियमात १७,००० बसतात. वरचे ३,४०० पुढं वसुलीच्या नोटिशीत येतात, आणि तोवर ते पैसे बियाण्यात गेलेले असतात.

त्यातून दर आणि मर्यादा आपल्याकडं बदलत्या. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यानं जिरायतीचा दर १३,६०० आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती. २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अतिवृष्टीनंतर मर्यादा परत तीन हेक्टर. मॉडेलनं यातला कुठला निर्णय वाचला, कुठला वाचला नाही, याचा भरवसा नाही, आणि ते मात्र ठामपणानं एक आकडा सांगून मोकळं होतं. दर मॉडेलला विचारूच नका. शासन निर्णय समोर ठेवा, दर आणि मर्यादा शीटच्या वरच्या दोन घरांत हातानं लिहा आणि फॉर्म्युल्यानं तिथून उचलावं असं सांगा. उद्या दर बदलला तर एक घर बदलायचं, शंभर ओळी नाही.

हेक्टर-आर तर विचारूच नका. सातबाऱ्यावर १ हेक्टर ५ आर असतं. लिहिणारा शीटमध्ये १.५ लिहितो, कारण तोंडानं तो ‘एक पाच’ म्हणतो. शीटला ते दीड हेक्टर. ८,५०० नं गुणलं की ८,९२५ च्या जागी १२,७५०. आणि आठ आरच्या तुकड्यासमोर ०.०८ ऐवजी ०.८ पडलं तर ६८० चे ६,८०० होतात. कुणी गुंठ्यांत लिहिलेलं असतं, कुणी एकरांत, एकाच कॉलममध्ये. मॉडेलला हे दिसूच शकत नाही. हेक्टरला एक कॉलम, आरला दुसरा, एवढं केलं तरी निम्मं दुखणं जातं.

खाते क्रमांकांबद्दल थोडक्यात: एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक खरे धरतं. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर उडूनच जातात. तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग आकडे भरा. एकदा हरवलेला अंक नंतर कुठलंही मॉडेल परत आणू शकत नाही.

हे सगळं खेड्यातल्या अर्ध्या शिक्षणाचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल तर इंग्लंडकडं पाहा. २०२० च्या सप्टेंबरअखेर तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून १५,८४१ कोरोना रुग्ण आठवडाभर गळले होते. कारण एवढंच, की माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओढली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढं ओळीच मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कुणी सावध केलं नाही. तेव्हा तर चॅटजीपीटीही नव्हतं. आता फॉर्म्युला लिहिण्याचा वेग वाढला, चुकीचा फॉर्म्युला पसरण्याचाही वाढला.

एक फरक मनात पक्का करा, कारण सगळ्या आवाहनाचा कणा तो आहे. मॉडेलकडं फॉर्म्युला मागणं वेगळं आणि उत्तर मागणं वेगळं. फॉर्म्युला तुमच्या शीटमध्ये राहतो, उद्या पुन्हा तेच उत्तर देतो, दुसऱ्याला वाचून तपासता येतो. पण पाचशे ओळी मॉडेलच्या अंगावर टाकून ‘यांची बेरीज सांग, पात्र कोण ते सांग’ म्हटलं, तर येणारा आकडा कशावरून आला हे तुम्ही कुणाला दाखवणार? मायक्रोसॉफ्टनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक्सेलच्या घरातच एआय चालवणारं कोपायलट फंक्शन आणलं आणि त्याच्या मदतपानावर स्वतःच बजावलं, की हिशेबासाठी, आणि जिथं अचूकता किंवा दर वेळी तेच उत्तर हवं अशा कामासाठी ते वापरू नये. बनवणारा सांगतो आहे. ऐकू या की.

आणि कृपा करून लोकांची खरी यादी तिथं चिकटवू नका. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर, कुणाचं किती शेत बुडालं, ही दुसऱ्याची अमानत आहे. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २०२५ च्या जानेवारीत आपल्याच कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक वापरू नका असं कळवलं, ते सरकारी माहितीच्या काळजीपोटीच. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. फॉर्म्युला मिळवायला खरी नावं लागतच नाहीत. कॉलमांची नावं सांगा, दहा खोट्या ओळी करा, त्यांवर विचारा. मिळालेला फॉर्म्युला मग आपल्या संगणकावरच खऱ्या यादीला लावा.

ताळा करायचा म्हणजे काय करायचं, तेही सांगतो. मोंढ्यात आडत्यानं पट्टी हातात दिली की शेतकरी तिथंच उभा राहून क्विंटलाला भाव गुणतो, हमाली-तोलाई वजा करतो आणि मगच पैसे मोजून घेतो. त्यात आडत्यावर अविश्वास असतो असं नाही, ती रीतच आहे. यादीलाही हीच रीत लावा. यादीतली पाच-सात खाती निवडून त्यांची रक्कम कागदावर, हातानं काढा. पण सरळ साधी खाती निवडू नका, वाकडी निवडा. ज्याचे तीन गट आहेत तो, समाईक खात्यातला, आठ आरवाला, नाव दोन प्रकारे लिहिलं जातं तो, नुकसान बरोबर ३३ टक्के आहे तो. ‘३३ पेक्षा जास्त’ आणि ‘३३ किंवा जास्त’ यांत फॉर्म्युल्यात एका चिन्हाचा फरक आहे, आणि त्या चिन्हावर अख्खा माणूस आत किंवा बाहेर जातो. मग आधीच्या ओळी आणि नंतरच्या ओळी मोजा. मग गावाची बेरीज गावाच्या क्षेत्राशी ताडून पाहा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

मॉडेललाही कामाला लावा. फॉर्म्युला मिळाल्यावर विचारा, ‘हा फॉर्म्युला कुठल्या नोंदींवर चुकेल? मी न सांगितलेली कुठली गोष्ट तू गृहीत धरलीस?’ या प्रश्नाला ते पुष्कळदा फार उपयोगी उत्तर देतं. पण ते उत्तर म्हणजे ताळा नव्हे. ताळा कागदावरच.

आता ज्यांच्या हातात थोडा अधिकार आहे त्यांच्याकडं मागणं. चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणाऱ्या प्रत्येक यादीच्या डोक्यावर चार ओळी मराठीत असाव्यात: कुठल्या तारखेचा शासन निर्णय, दर आणि मर्यादा किती, रक्कम कशी काढली ते साध्या वाक्यात, आणि ताळा कुणी केला त्याचं पद. तलाठी म्हणा की ग्राम महसूल अधिकारी म्हणा (पाटी बदलली तरी गाव तलाठीच म्हणतं), त्यांच्यावर यानं कामाचा बोजा वाढत नाही. उलट ‘माझंच नाव कमी का’ म्हणून भांडायला येणाऱ्याला ती ओळ दाखवता येते. नियम वर लिहिलेला असला की सातवी पास शेतकरीसुद्धा आपल्या ओळीचा गुणाकार करून पाहतो. आज त्याला नुसता आकडा दिसतो आणि तो नशिबाला बोल लावून घरी जातो.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीत आहे. बियाण्याचं वाण शेतात सोडण्याआधी वेगवेगळ्या जागी लावून पाहायचं हे तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. तिथल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना, परभणीच्या श्री शिवाजी आणि ज्ञानोपासक महाविद्यालयांतल्या, सेलूच्या नूतनमधल्या संगणक आणि गणित शिकवणाऱ्यांना हात जोडून मागणं आहे. उन्हाळ्याच्या सुटीआधी एक चाचणी-शीट तयार करून द्या. पंचवीस-तीस खोट्या खातेदारांची, पण खऱ्या अडचणींची, आणि शेवटच्या कॉलममध्ये हातानं काढलेलं खरं उत्तर असलेली. कुणीही नवा फॉर्म्युला मिळाला की आधी तो या शीटवर चालवील. सगळी उत्तरं जुळली तरच पुढं. ही शीट कुणाच्या मालकीची नको, गटागटांत व्हॉट्सॲपवर फिरू द्या. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय शोधत फिरावं लागतं, हा घ्या.

तिच्यात काय असावं ते मी आत्ताच सांगून ठेवतो, तुम्ही भर घाला. तीन गटांचा एक खातेदार. चार भावांचं समाईक खातं. एकाच नावाचे दोन खातेदार. पूर्णा आणि पुर्णा. सोयाबीन, सोयाबिन आणि सोयबीन. ५ आर, ८ आर, ५० आर. गुंठ्यांत लिहिलेलं एक क्षेत्र. ३२, ३३ आणि ३४ टक्के नुकसान. ६४.९ आणि ६५ मिलिमीटर पाऊस. शून्यानं सुरू होणारा आणि सोळा अंकी असे दोन खाते क्रमांक. ५/६ अशी तारीख, जी पाच जूनही वाचता येते आणि सहा मेही. बँक खातं नसलेली एक विधवा, जी यादीतून गळता कामा नये. आणि ज्याला खरोखरच काही देणं निघत नाही असा एक खातेदार, म्हणजे खरं शून्य आणि खोटं शून्य शेजारी शेजारी दिसतील.

गावकऱ्यांनो, तुमच्याकडं एकच काम. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होते. नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, की ‘यंदाच्या खरिपात लागणाऱ्या प्रत्येक लाभार्थी यादीवर नियम, दर आणि हिशेबाची रीत मराठीत लिहावी, आणि यादी वर पाठवण्याआधी एक दिवस फलकावर लावावी’ हा विषय घ्यावा. अर्जाची पोच घ्या. ठराव इतिवृत्तात आला का ते पाहा, आणि त्याची प्रत तहसीलला आणि तालुका कृषी कार्यालयाला पाठवा. गावात संगणक शिकलेली मुलगी-मुलगा असेल तर त्यांना त्या सभेला बोलवा आणि दहा खोट्या ओळींवर ताळा कसा करतात ते सगळ्यांसमोर करून दाखवायला सांगा, फळ्यावर, खडूनं.